तांब्यावरचं नाव

गुढी उभारायची ती घराबाहेर. घराच्या आत उभी करतात ती नुसती काठी. हे माझं मत आहे, आणि मत एकदा झालं की मी ते सहसा बदलत नाही. बायको याला हट्ट म्हणते, मी शिस्त म्हणतो. टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस आहे मी. आमच्याकडे केसाच्या जाडीएवढी चूक झाली तरी अख्खा जॉब भंगारात जायचा. असल्या कामात मुरलेल्या माणसाला दुसऱ्याचं म्हणणं पटकन पटत नाही, आणि पटू नयेच.

नौपाड्यात आमच्या दोन खोल्या पहिल्या मजल्यावर होत्या. गॅलरीच्या कठड्याला काठी सुतळीने करकचून बांधली की झाली गुढी. रस्त्याने जाणारा वर बघायचा, ओळखीचा असला तर खालूनच हात जोडायचा. त्यात कधी कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही, आणि कोणी मागितली असती तर मी त्याला जिना दाखवला असता.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं मुलाकडे कोलशेतला राहायला आलो. चौदावा मजला, समोर तिवरं आणि त्यापलीकडे खाडी. हवा उत्तम. फक्त इथे ऋतू कळत नाहीत अशी सुरुवातीला माझी तक्रार होती. पुढे शोध लागला की या उंच इमारतींमध्ये ऋतू लिफ्टमध्ये कळतात. लोकांच्या कडेवर कलिंगडं दिसू लागली की समजावं, होळी मागे पडली. आंब्याच्या पेट्या चढू लागल्या की अक्षय्यतृतीया जवळ आली. श्रावण सरता सरता पुठ्ठ्याची मखरं येतात, ती लिफ्टच्या दारात अडकतात आणि ती तिरकी करावीत की आडवी यावरून दोन अनोळखी माणसं हमरीतुमरीवर येतात. मी अशा वेळी मध्ये पडतो. मखर तिरकंच करायचं असतं.

पण गुढीचं मात्र काही जमेना. आमच्या कॉम्प्लेक्सचा नियम आहे: इमारतीच्या दर्शनी भागावर काहीही बांधू नये, लटकवू नये, वाळत घालू नये. नियमाचा कागद दर सणाच्या आधी लिफ्टमध्ये लागतो आणि त्याखाली सही आमच्या सूनबाईंची असते. ती कमिटीत आहे. म्हणजे ज्या बाईच्या हातची भाकरी खायची तिच्याशीच कायद्याने भांडायचं. गेल्या वर्षी मी नमतं घेतलं. काठी दोन हात कापली आणि गुढी बाल्कनीच्या आत उभारली. तांब्या छताला टेकला, कडुलिंबाची डहाळी कपडे वाळत घालायच्या स्टँडवर आली आणि साखरेच्या गाठीला दुपारपर्यंत मुंग्या लागल्या. त्या गुढीकडे बघून मला स्वतःचीच कीव आली. यंदा असं होऊ द्यायचं नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

मग कामाला लागलो. माजिवड्याला माझ्या हाताखाली शिकलेल्या एका कारागिराचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे बसून मी एक क्लॅम्प बनवून घेतला. कठड्याच्या पाइपला घट्ट बसणाऱ्या दोन अर्धगोल पकडी, आतून रबर, चार बोल्ट, आणि काठी बरोबर तिरकी बाहेर जाईल असा कोन. दोन फेऱ्यांत काम झालं. घरी आणून कपाटात स्वेटरांच्या मागे ठेवला. बायकोने तो पाहिला आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं दोन प्रकारचं असतं, आणि हे त्यातलं बरं नव्हतं.

पाडव्याला मुलगा आणि सून पहाटेच उठले. नौपाड्यातून निघणाऱ्या स्वागतयात्रेत सूनबाई दर वर्षी नऊवारी नेसून, फेटा बांधून, गॉगल लावून बुलेट चालवते. मुलगा मागे झेंडा धरून बसतो. मला ते दृश्य फार आवडतं, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. निघताना ती दारातून म्हणाली, “बाबा, गुढी तुम्ही उभारा, आमच्यासाठी थांबू नका. आतच हं पण!”

“आतच,” मी म्हणालो.

लिफ्ट खाली गेल्याची खात्री करून मी पाना काढला.

सूर्य वर आला तेव्हा गुढी बाहेर होती. पूर्ण लांबीची काठी, तिला जरीचा हिरवा खण, कडुलिंब, आंब्याची डहाळी, गाठी, झेंडूचा हार, आणि वर उपडा घातलेला आमचा तांब्याचा तांब्या, लग्नापासूनचा. खण खाडीच्या वाऱ्यावर असा काही फुलला की बघत राहावं. मी काठी हलवून पाहिली. क्लॅम्प तसूभर सरकला नाही. हत्ती बांधला असता तरी चाललं असतं.

हळदकुंकू वाहताना बायको म्हणाली, “अहो, तो तांब्या बांधा तरी.”

“तांब्या बांधत नाहीत. तांब्या ठेवतात.”

“नौपाड्यात ठेवत होतो. हा चौदावा मजला आहे.”

“काठी हलली तर तांब्या पडेल ना? काठी हलतच नाही. मी बनवलाय तो क्लॅम्प.”

ती आत गेली. मी फोनवर गुढीचे चार फोटो काढले, कडुलिंबाचा कोवळा पाला, गूळ आणि ओवा घालून वाटलेली गोळी तोंड वाकडं न करता खाल्ली आणि पेपर घेऊन बसलो. पाडव्याचा पेपर म्हणजे फ्लॅटच्या जाहिराती आणि मधे मधे बातम्या. एका पानावर घराच्या चित्रातल्या बाल्कनीत भलीमोठी गुढी दाखवली होती, चांगली बाहेर काढलेली. हे पान सूनबाईला दाखवायचं म्हणून मी घडी घालून ठेवलं.

साडेनऊच्या सुमाराला खाडीकडून एक जोराची झुळूक आली. काठी हलली नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. पण खण फुगला, तो खालून तांब्यात भरला आणि त्याने तांब्याला वर उचललं. मी मान वर केली तेव्हा काठीचं टोक उघडं होतं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. आणि मग खालून ठणकन आवाज आला.

मी वाकून पाहिलं. खाली झाडलोट करणारी मावशी हातातला झाडू तसाच धरून उभी होती, दुसरा हात छातीवर. तिच्यापासून दहा पावलांवर तांब्या गरगर फिरत होता. तो थांबला. मग तिने मान वर केली, आणि मी माझी मान आत घेतली. निवृत्त झाल्यापासून एवढ्या चपळाईने मी काही केलं नसेल.

पुढचं सगळं दहा मिनिटांत उरकलं. बोल्ट सैल केले, काठी आत ओढली, बाल्कनीत कोपऱ्यात टेकवली, छताला अडली म्हणून कलती ठेवली आणि वर स्वयंपाकघरातला स्टीलचा लोटा घातला. क्लॅम्प पुन्हा स्वेटरांमागे गेला. फोनवरचे चारही फोटो पुसून टाकले. मागे वळलो तर बायको स्वयंपाकघराच्या दारात, हातात श्रीखंड घोटायचा डाव.

“कोणाला लागलं का?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग खाली जा.”

“जातो. जरा गर्दी कमी होऊ दे.”

गेलो नाही. त्या मावशीची छातीवर धरलेली मूठ डोळ्यांपुढून हलत नव्हती. दहा पावलं म्हणजे काय अंतर असतं? झाडूचे चार फटकारे. पण अर्धा तास झाला, बेल वाजली नाही, इंटरकॉमही वाजला नाही, आणि माझा जीव हळूहळू ठिकाणावर आला. इथे चारशे घरं. बहुतेक मराठी घरांत आज गुढी, प्रत्येक गुढीवर तांब्या. कोणाचा पडला हे कोणाला कळणार? मी पेपर पुन्हा उघडला.

साडेअकराला सूनबाई घामाघूम होऊन आली. फेटा न काढताच तिने गुढीला नमस्कार केला. “बाबा, यंदा किती छान बसलीय,” ती म्हणाली. मी मान डोलावली. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही.

जेवायला बसलो. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, कैरीची डाळ. पहिला घास घेतो न घेतो तोच सूनबाईचा फोन टुणटुणायला लागला. ती कमिटीत असल्यामुळे सण असो की सुतक, फोन ताटाशेजारीच असतो.

“अरे देवा! कुठल्या तरी फ्लॅटमधून तांब्या पडलाय खाली. मावशींच्या अगदी जवळ. कोण आहेत हे लोक? एवढं दहा वेळा सांगून पण बाहेर बांधलीच ना गुढी कुणीतरी!” तिने फोटो मोठा केला. “थांबा, त्याच्यावर नाव आहे. कोरलेलं.”

मी ताटातली भाजी उगाच पुरीने गोळा करू लागलो.

भांड्यांवर नावं घालायची आपल्याकडे केवढी हौस! लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला द्यायच्या प्रत्येक भांड्यावर घेणाऱ्याचं नाव, देणाऱ्याचं नाव, तारीख. भांडीवाल्याच्या दुकानातला माणूस करकर आवाज करत कोरून द्यायचा. नौपाड्यातल्या घरी आमच्याकडे एवढी नावं मांडणीवर होती की पाहुण्यांना वंशावळ वेगळी सांगावी लागायची नाही. पण रोज बघितलेली अक्षरं दिसेनाशी होतात. तो तांब्या मी कितीतरी पाडव्यांना हातात घेतला असेन, त्यावर काय कोरलंय ते मला आठवेना.

सूनबाईने वाचून दाखवलं. कुमारी अमुक हिस, आत्याकडून सप्रेम भेट. नुसतं पहिलं नाव, आडनाव नाही.

ते नाव ऐकल्यावर मला एकदम हायसं वाटलं. हे मी लपवत नाही. कारण ते नाव या कॉम्प्लेक्समध्ये कोणालाही माहीत नव्हतं. आमच्या दारावरच्या पाटीवर ते नाही, रेशनकार्डावर नाही, आधारवर नाही, लाइटबिलावर नाही. मी श्रीखंडाकडे वळलो.

“सगळं रजिस्टर बघितलं म्हणे सिक्युरिटीने,” सूनबाई वाचत होती. “मालक, भाडेकरू, कामाला येणाऱ्या बायका, सगळे. अशी कोणीच बाई इथे नाही. ग्रुपवर पण सगळे तेच लिहितायत. अशी कोणी इथे राहत नाही.”

मुलगा म्हणाला, “अगं, कोणीतरी जुन्या बाजारातून उचलला असेल. आता फॅशन आहे ना तांब्याच्या भांड्यांची. ज्या बाईचा असेल ती केव्हाच गेली असेल.”

“असेल असेल,” मी म्हणालो. “जुनी भांडी येतात अशी फिरत फिरत.”

एवढं बोलायची काही गरज नव्हती. पण चोरी पचली की माणसाला बडबड सुचते.

बायको पुऱ्यांचं ताट घेऊन उभी होती. तिने ते टेबलावर ठेवलं. पदराला हात पुसले आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, “गेलेली नाहीये ती. पुऱ्या वाढतेय.”

मुलाला काही कळेना. सूनबाईला माझं तोंड बघून सगळं कळलं.

“आई, ते तुमचं नाव आहे?”

“माझंच. लग्नाआधीचं.”

“अगं आई, मला कसं नाही माहीत?” मुलगा म्हणाला.

“सांगितलं होतं तुला, तू शाळेत असताना. वापरात नसलेलं कोणाच्या लक्षात राहतं?”

मग सूनबाई माझ्याकडे वळली. “बाबा, तुम्ही बाहेर बांधलेलीत गुढी?”

मी हो म्हणालो. क्लॅम्पचं सांगायला लागलो. रबर, कोन, चार बोल्ट, काठी शेवटपर्यंत कशी हलली नाही. सूनबाई मला थांबवत म्हणाली, “बाबा, मावशी मेल्या असत्या,” आणि तिचे डोळे भरून आले. त्यानंतर मला क्लॅम्पबद्दल बोलता आलं नाही. मी चुकलो, असं म्हणालो. हे दोन शब्द मी घरात याआधी कधी उच्चारले होते ते आठवून बघतोय, आठवत नाही.

मला वाटलं, संपलं. कबूल केलं, ऐकून घेतलं, आता खाली जाऊन माफी मागायची. पण बायको अजून उभीच होती. तिला मी क्वचितच चिडलेलं पाहिलंय. तेव्हा तिचा आवाज चढत नाही, उलट खाली जातो.

“तांब्या पडला, ते एक झालं,” ती म्हणाली. “चूक होते. पण आत्ता इथे सगळे म्हणाले, अशी बाईच नाही. आणि तुम्ही ‘असेल असेल’ केलंत. वर म्हणालात, भांडी फिरत फिरत येतात. दुसरं कोणी नाही तर नाही, तुम्हाला तर माहीत होतं ना!”

मी पुढ्यातली पुरी ताटाच्या कडेला सरकवली.

तिचं नाव मी बदललं. म्हणजे आमच्या काळी बदलायचेच. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरायचे, सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, वर पेढे वाटायचे. नाव नवऱ्याच्या पसंतीचं. मी ते कसं ठरवलं हे आजपर्यंत तिला सांगितलेलं नाही. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चहा घेताना आम्ही चौघं बसलो होतो. मी म्हटलं, रविवारी लग्न आहे आणि नाव अजून ठरलेलं नाही. एकाने दोन नावं सुचवली, दुसऱ्याने एक. माझ्या नावाशी कुठलं जुळतं यावर थोडी चर्चा झाली. मग हात वर करून मत घेतलं. तीन विरुद्ध एक. भोंगा झाला, आम्ही मशीनवर परत गेलो. त्यातलं एक मत माझं होतं आणि नावासाठी आपण चांगली पाच मिनिटं दिली, याचा तेव्हा अभिमानच वाटला होता.

बरं, मी काही जुनाट विचारांचा नाही. सूनबाईने लग्नात ना नाव बदललं ना आडनाव, तेव्हा नातेवाइकांच्या भुवया चढल्या, आणि मीच सगळ्यांना गप्प केलं. संध्याकाळी पोडियमवर आम्हा निवृत्तांचा कट्टा भरतो. मुलांच्या नावापुढे आता आधी आईचं नाव लावायचं असा सरकारी नियम आला, तेव्हा एक गृहस्थ कुरकुर करत होते. मी त्यांना तिथल्या तिथे झापलं. आईचं नाव पुसून टाकायचा तुम्हाला काय अधिकार, असं चांगलं वरच्या पट्टीत विचारलं. लोकांनी माना डोलावल्या. घरी येऊन मी तो प्रसंग बायकोला रंगवून सांगितला. ती मेथी निवडत होती. “बरं झालं बोललात,” एवढंच म्हणाली. मला तेव्हा त्यात काही वेगळं ऐकू आलं नाही.

गुढी सूर्यास्ताआधी उतरवायची असते. चार वाजता बायकोने साडी बदलली आणि म्हणाली, “मी माझा तांब्या घेऊन येते.”

“मी येतो,” मी म्हणालो. “मावशींना भेटायचंय मला.”

सिक्युरिटीच्या केबिनमध्ये टेबलावर तांब्या ठेवलेला होता. एका बाजूने चेपला होता, गळ्याजवळ चीर गेली होती. मावशी बाहेरच बाकावर बसल्या होत्या. मी समोर उभा राहिलो आणि सांगितलं की तांब्या माझ्या हातून पडला, मला नियम माहीत होता, तरी मी गुढी बाहेर बांधली, आणि वरून तुम्हाला बघून मी लपलो. शेवटचं वाक्य सगळ्यात जड गेलं.

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “काका, माझ्या डोक्यात पडला असता तर माझ्या पोरींनी काय केलं असतं? तुमची गुढी पुजली असती? सकाळधरनं हातपाय थरथरतायत माझे. आणि तुम्ही वर जेवलात.”

“जेवलो,” मी म्हणालो.

“तुमच्याएवढ्या माणसाला काय बोलायचं आता,” त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मी ते मागितलंही नाही. उद्यापासून त्या दिसल्या की थांबून बोलायचं, एवढं मनाशी ठरवलं.

आत सुपरवायझरने रजिस्टर उघडलं. हरवलेली वस्तू परत नेताना नाव, फ्लॅट नंबर आणि सही लागते. माझा हात सवयीने पेनाकडे गेला. चेक, फॉर्म, पावती, काहीही असो, आमच्या घरी सही मीच करतो. बायकोने माझ्या आधी पेन उचललं.

तिने ते नाव लिहिलं. तिचं अक्षर शाळेच्या फळ्यावरच्यासारखं सुरेख आहे, आणि या नावात ते जास्तच सुरेख आलं. कुठेही अडली नाही. सुपरवायझरने तांब्यावरची अक्षरं आणि रजिस्टरमधली अक्षरं बोट ठेवून ताडून पाहिली.

“बरोबर आहे मॅडम. पण आमच्याकडे चौदाशेचारला दुसरंच नाव आहे ना.”

“तेही माझंच.”

“मग हे कुठलं?”

“हे माझ्या आईवडिलांनी ठेवलेलं.”

त्याने डोकं खाजवलं. “मग रजिस्टरला काय करू? दोन्ही लिहू?”

“दोन्ही लिहा,” ती म्हणाली. “हे आधी लिहा.”

तेवढ्यात माझ्या फोनवर ग्रुपचा मेसेज आला. सूनबाईने वरूनच टाकला होता: नियम आमच्याच घराने मोडला आहे, कमिटीतर्फे आणि घरातर्फे मी माफी मागते, तांब्याची मालकीण सापडली आहे, त्या माझ्या सासूबाई आहेत. आणि पुढे ते नाव लिहिलं होतं. खाली एकेक उत्तर येऊ लागलं. बहुतेक रागाची होती, आणि ती माझ्या वाट्याची होती. पण एका बाईने लिहिलं होतं, किती गोड नाव आहे काकूंचं. मी फोन बायकोपुढे धरला. तिने चष्मा वर करून ते वाक्य वाचलं आणि मग पुन्हा वाचलं.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. तिच्या हातात चेपलेला तांब्या. मी विचारलं, “तुला तेव्हा आवडलं नव्हतं का, मी ठेवलेलं नाव?”

“आता विचारताय होय?” तिला हसू आलं. मग म्हणाली, “आवडण्या-नावडण्याचं नव्हतं हो. ते माझं आहे हेच कळायचं नाही. तुमच्या आई स्वयंपाकघरातून हाक मारायच्या आणि मी बाहेरच्या खोलीत तशीच बसून राहायचे. वाटायचं, दुसऱ्या कोणाला तरी बोलावतायत. चार चार हाका झाल्या की मग लक्षात यायचं, अरे, ही मीच.”

मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिलो.

कारण त्या दिवसांची एक गंमत मी गेली सगळी वर्षं लग्नाकार्यांत सांगत आलोय. आमच्या हिला नवी नवरी असताना ऐकूच यायचं नाही, आई हाका मारून थकायची, आणि आम्ही सगळे धास्तावलो होतो की पोरगी बहिरी गळ्यात मारली की काय! लोक पोट धरून हसतात. हीही तिथेच बसलेली असते. मी तिला त्या वेळी नौपाड्यात एका कानाच्या डॉक्टरांकडेसुद्धा नेलं होतं. त्यांनी दोन्ही कान तपासले, मागे उभं राहून हळू आवाजात आकडे म्हटले, तिने एकूण एक आकडा बरोबर सांगितला. कान अगदी उत्तम आहेत, असं डॉक्टर म्हणाले. मी घरी येऊन आईला ते सांगितलं. हिला मात्र काहीच विचारलं नाही.